विमानातली एकच खुर्ची

विमानावर जाणारी नर्स गुणांवर निवडली जात नसे, वजनावर निवडली जात असे. जयपूरच्या ज्या सरकारी रुग्णालयात मी शिकले आणि नोकरीला लागले, तिथे ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि तिच्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. एका सकाळी मेट्रननं आम्हा नव्या मुलींना भटारखान्यामागे नेलं, धान्याची पोती तोलायच्या काट्यावर एकेकीला उभं केलं आणि माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "यह जाएगी. फूँक मारो तो उड़ जाए, ऐसी है." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटलं, मोठा मान मिळाला.

त्या विमानाबद्दल आता कौतुकानं लिहून येतं. फोटोही येतात. पांढरं विमान, शेजारी हार घातलेले गृहस्थ, आणि कडेला पांढऱ्या साडीतली एक नर्स, जिच्या चेहऱ्यावर पंख्याची सावली पडलेली असते. त्या विमानात बसून जाणारी बाई मी होते. बसून म्हणणंसुद्धा खरं नाही, आणि मला लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

विमान शहरातल्या एका धनिकाच्या धर्मादाय संस्थेचं होतं. लहानसं, एका पंख्याचं, चार माणसांचं. सांगानेरच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं असे. पश्चिमेकडे, वाळवंटात, जिथे रस्ता संपतो आणि पुढे उंटच चालतो, तिथल्या तहसीलीतून तार आली की ते निघायचं आणि अडलेला रोगी जयपूरला घेऊन यायचं. विमान आणि वैमानिक संस्थेचे, नर्स आणि औषधं रुग्णालयाची. डॉक्टर क्वचितच येत. डॉक्टर आकाशात गेले तर वॉर्ड कोण बघणार, असं म्हणत. नर्स आकाशात गेली तर वॉर्ड कोण बघणार, असं मात्र कोणी म्हणत नसे, कारण परत आल्यावर उरलेली पाळी आम्हीच भरत असू. "मेमसाब हवा खाके आ गईं," वॉर्डबॉय म्हणायचे, आणि माझ्या हातात बेडपॅन द्यायचे.

विमानातली उजव्या बाजूची पुढची-मागची दोन्ही आसनं काढून तिथे स्ट्रेचर बसवला होता. डावीकडे पुढे वैमानिक, आणि त्याच्या मागे एकच खुर्ची. पट्टा असलेली, ठीकठाक खुर्ची. ती रोग्याच्या नातेवाइकाची. संस्थेचा नियमच होता तसा: रोग्याबरोबर घरचा एक पुरुष आलाच पाहिजे, नाहीतर लोक आपली बाईमाणसं विमानात घालणार नाहीत. मग नर्स कुठे? नर्स खाली. स्ट्रेचर आणि खुर्चीच्या मधल्या फटीत औषधांचा पत्र्याचा डबा असे, त्याच्यावर. पट्टा नाही, पाठ टेकायला काही नाही, धरायला स्ट्रेचरची दांडी. तीही एकाच हातानं, कारण दुसऱ्या हातात सलाइनची काचेची बाटली. ती अडकवायला छताला साधा आकडाही नव्हता. दीड-दोन तास हात वर. हात भरून आला की दुसरा.

उन्हाळ्यात दुपारी वाळवंटावरची हवा कशी असते ते खालून कळत नाही. तापलेली वाळू हवा वर ढकलते आणि विमान त्या हवेवर खडकाळ रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं आपटत जातं. रोगी पट्ट्यानं बांधलेला, नातेवाईक पट्ट्यानं बांधलेला, वैमानिक पट्ट्यानं बांधलेला. मोकळ्या दोनच वस्तू, मी आणि माझा डबा. कानांत कापूस घातला तरी इंजिनाचा आवाज डोक्यात घुमायचा. स्टेथोस्कोप त्या आवाजात निकामी. रोग्याचं सगळं नाडीवरच्या बोटांनी आणि ओठांच्या, नखांच्या रंगावरून समजून घ्यायचं. निघायच्या आधी आम्ही पाणी पीत नसू, कारण उतरल्यावर बाईमाणसाला जायला जागा कुठे?

माझ्या आधीपासून या ड्यूटीवर एक मल्याळी सिस्टर होती. आम्हा सगळ्यांत मोठी, कमी बोलणारी. तिला सगळे मोठी सिस्टर म्हणत. एकदा उतरताना चाक खड्ड्यात गेलं, ती डब्यावरून उडाली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. संस्थेनं तिला शाल आणि फळांची करंडी पाठवली. रुग्णालयानं तिची रजा आजारपणाच्या रजेतून कापली. तिची वेणी मी घालून देत असे, हात वर जात नव्हता म्हणून. मी म्हणाले, "सिस्टर, आपण काहीतरी बोललं पाहिजे."

"मोळे, तू बोल," ती म्हणाली. मोळे म्हणजे त्यांच्यात पोरी. "मला गावाकडे तीन भाऊ शिकवायचे आहेत. माझं हाड जुळलं की झालं."

मी बोलणार होतेच. ते माझ्या हातात नव्हतं, माझ्या वाढण्यातच होतं.

माझे वडील तारखात्यात. सोलापूरहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा मी पहिलीत होते. तिलक नगरमध्ये दोन खोल्या होत्या, आणि त्यांतली एक कायम युनियनच्या पत्रकांनी भरलेली. जेवणं झाली की सतरंजीवर पत्रकांचा ढीग यायचा आणि आई, मी, शेजारच्या बँकवाल्या काकू, सगळ्या घड्या घालत बसायचो. शाळेच्या पुस्तकातलं कमल आणि बगुला यांच्याआधी मला 'माँग', म्हणजे मागणी, वाचता येत होतं. शाळेत मी हिंदी बोलत होते, मैत्रिणींशी हिंदीच, पण भांडायचं झालं की माझ्या तोंडी मराठी येई, कारण भांडण मी घरात शिकले होते. बाबांचा एक दंडक होता. "एका पत्रकात एकच मागणी," ते म्हणायचे. "दोन लिहिल्यास तर साहेब त्यातली सोपी तेवढी मान्य करतो आणि फोटो काढून घेतो."

म्हणून मी एकच निवडली. तक्रारी कितीतरी होत्या. उड्डाण ड्यूटीत धरत नव्हते, विमा नव्हता, दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती. ते सगळं मी गिळलं आणि ठरवलं, खुर्ची. खुर्ची आणि पट्टा.

आधी मेट्रनला सांगितलं. ती म्हणाली, विमान आपलं नाही. मग संस्थेच्या सेक्रेटरींना भेटले. हे निवृत्त अधिकारी, स्वच्छ शेरवानी, आवाज मऊ. त्यांच्या दालनात विमानाचे फोटो चौकटीत लावलेले होते. त्यांनी मला चहा दिला, बेटी म्हणाले आणि सगळं ऐकून घेतलं.

"बेटी, सेवा में कुर्सी नहीं देखी जाती," ते म्हणाले.

ते स्वतः एका रुंद, गादीच्या खुर्चीत बसले होते. मी म्हणाले, "मी बघते, साहेब. तीन महिने खालून बघते आहे."

त्यांना ते आवडलं नाही, पण ते हसले. घरच्या माणसाला बसायला नको का, असं त्यांनी विचारलं. राजस्थानात जनानी सवारी एकटी जात नाही. तुम्ही महाराष्ट्राची मंडळी, तुम्हाला इथली रीत माहीत नाही.

मी म्हणाले, "मला पहिलीपासून इथली रीत माहीत आहे."

पण मी घरी आले ती विचार करत. कारण त्यांच्या बोलण्यात थोडं खरं असावं अशी मलाही शंका होती. खुर्ची मला मिळाली आणि त्यामुळे एखादी बाई गावातच राहिली, तर? बाबांच्या पत्रकांत याचं उत्तर नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी, मे महिन्यात, तार आली. वाळवंटातल्या एका गावात बाळंतीण. मूल झालं होतं, वार अर्धी आत राहिली होती आणि रक्त थांबत नव्हतं. मी सांगानेरला पोचले तर सेक्रेटरी विमानाजवळ उभे. विमान नेमकं कसं काम करतं ते त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं. संस्थेच्या वार्षिक सभेत सांगायला. जाताना खुर्ची रिकामीच असते, म्हणून ते तिच्यात बसले.

वैमानिक हवाई दलातून बाहेर पडलेला पंजाबी गृहस्थ होता. बोलणं सगळं थट्टेत. तो मागे वळून म्हणाला, "सिस्टर, डिब्बे पे क्यों बैठती हो? स्ट्रेचर खाली है. लेट जाओ, पट्टा भी मिलेगा."

मी खरंच स्ट्रेचरवर आडवी झाले आणि रोग्याचे पट्टे स्वतःला बांधून घेतले. सेक्रेटरी बघत राहिले.

"यह क्या है?" त्यांनी विचारलं.

"या विमानात पट्टा हवा असेल तर आजारी पडावं लागतं," मी म्हणाले. वैमानिक इतका हसला, की विमान उडायच्या आधीच हललं.

आकाशातून जयपूर फार देखणं दिसतं, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. झालान्याचं रान एका बाजूला सुकलेल्या शेवाळासारखं, डोंगरावरचे किल्ले पाटावर मांडलेल्या खेळण्यांसारखे, आणि मग खातीपुऱ्याकडे जाणारे रूळ उन्हात चमकणारे. त्या दिवशी झोपून मला त्यातलं काही दिसलं नाही. मला छत दिसलं. त्या छताला आकडा ठोकायला चार स्क्रूंची जागा होती, ती मी नीट बघून घेतली.

गावाबाहेर सुकलेल्या तळ्याच्या सपाट जमिनीवर आम्ही उतरलो. लोकांनी वाऱ्याची दिशा कळावी म्हणून धूर केला होता. खाटेवर ती बाई होती. वय माझ्याहून कमी. घूँघट छातीपर्यंत ओढलेला. गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्याला जमेल तेवढं केलं होतं. मी सलाइन सुरू केलं, पोटावर हात ठेवला. गर्भाशय मऊ, सैल. ते बाहेरून चोळून, दाबून घट्ट ठेवायचं, म्हणजे रक्त कमी वाहतं. हात काढला की पुन्हा सैल. याचा अर्थ एकच होता. जयपूरला पोचेपर्यंत माझा हात तिच्या पोटावरून निघता कामा नये.

तेवढ्यात वैमानिक जमिनीकडे आणि आकाशाकडे बघून आला. थट्टा गेली होती. "गरमी बहुत है, ज़मीन छोटी है," तो सेक्रेटरींना म्हणाला. "पेशंट और दो जने. तीसरा नहीं उठेगा. तय कर लीजिए."

पेशंट आणि दोघं. आम्ही तिघं होतो: मी, सेक्रेटरी, आणि घरचा पुरुष म्हणून पुढे आलेला, पांढऱ्या साफ्यातला एक उंच माणूस. नवरा कलकत्त्याला होता. हा त्याचा थोरला भाऊ, म्हणजे त्या बाईचा जेठ.

सेक्रेटरींना क्षणही लागला नाही. "ठीक है," ते म्हणाले, "जेठजी चलेंगे, मैं चलूँगा. सिस्टर कल जीप से स्टेशन चली जाएँगी, वहाँ से गाड़ी. सलाइन तो लग ही गई है."

मी हे पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. त्यांनी खरंच विचार केला आणि त्या विमानातून कमी करण्यासारखी एकच व्यक्ती त्यांना दिसली. रुग्णाला न्यायला आलेल्या विमानातून त्यांनी नर्स उतरवली.

मी म्हणाले, "पोटावर हात कोण ठेवणार?"

"जेठजी रख लेंगे. तुम दिखा दो."

तो उंच माणूस दोन पावलं मागे सरला. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी विसरणार नाही. भावजयीचं तोंड त्यानं लग्नापासून पाहिलं नसेल. तिच्या पोटावर हात? सभोवतालचे सगळे पुरुष एकदम दुसरीकडे बघू लागले.

मग खाटेच्या उशाशी बसलेली सासू उठली. तिच्या मांडीवर नवं बाळ होतं, ते तिनं दुसरीकडे दिलं. ती सेक्रेटरींशी बोललीच नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"थूं लुगाई है नी?" तिनं विचारलं. तू बाईच आहेस ना?

"हो."

"थूं साथै जासी?" तू बरोबर जाणार?

"माझा हात तिच्या पोटावरून निघणार नाही," मी हिंदीत म्हणाले.

"फेर मरद रो कांई काम?" ती म्हणाली. "जेठ सामणै बैठसी तो आ मूंडो कोनी खोलै." मग पुरुषाचं काय काम? जेठ समोर बसला तर ही तोंड उघडणार नाही.

आणि मग मला ते दिसलं. तीन महिने मी त्या डब्यावरून काय बघत होते? घूँघट. प्रत्येक वेळी घूँघट. खुर्चीत जेठ, खुर्चीत सासरा, आणि स्ट्रेचरवर गळ्यापर्यंत घूँघट ओढलेली बाई. तिचे ओठ निळे पडले आहेत का, हे मला कापडाच्या कडेतून चोरून बघावं लागे. मी समजत होते, त्या बायका माझ्यापुढे लाजतात. त्या खुर्चीपुढे पडदा पाळत होत्या. बाईमाणूस एकटं जाणार नाही, ही त्यांची रीत खरी होती. पण बरोबर बाई आहे, हे शहरातल्या त्या शहाण्या लोकांनी कधी मोजलंच नव्हतं. त्यांच्या लेखी नर्स म्हणजे डब्याबरोबर येणारी वस्तू. या म्हातारीनं मला एका प्रश्नात माणसांत आणून ठेवलं.

जेठ सुटल्यासारखा बाजूला झाला. आम्ही खाट उचलली, बाईला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे बांधले. मी वळले तर सेक्रेटरी खुर्चीत बसलेले. पट्टाही लावलेला.

इथे मी काय केलं ते नीट सांगते, कारण पुढे त्याच्या फार गोष्टी झाल्या. मी विमान अडवलं नाही. दारात आडवी पडले नाही. ती बाई माझी होती. खुर्ची मिळाली नसती तरी मी जाणार होते, डब्यावर, विमानाच्या पंखावर, कुठेही. पण विचारल्याशिवाय जाणार नव्हते.

"साहेब, उठा," मी म्हणाले. "ती जागा मला हवी."

"बेटी, यह वक़्त है इन बातों का?"

"हाच आहे. मला दोन्ही हात लागणार. डब्यावर बसले तर एक हात दांडीला जातो, आणि पहिल्याच धक्क्याला मी तिच्या अंगावर पडते. मोठ्या सिस्टरचं हाड कसं मोडलं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच शाल पाठवलीत. मला बांधलेलं असलं पाहिजे."

"और मैं?"

"डब्यावर. आणि ही बाटली धरा. छातीच्या वर, खाली येऊ द्यायची नाही."

ते वैमानिकाकडे वळले. त्यांच्या पगारावरचा माणूस तो. त्यानं इंजिनाच्या काट्यांकडे बघत, मागे न वळता सांगितलं, "साहब, सिस्टर कुर्सी पे, आप डिब्बे पे. या फिर कल की जीप. मेरा इंजन गरम हो रहा है."

जीपचं नाव निघताच ते उठले.

विमान उडालं तसा मी तिचा घूँघट मागे सारला. तिनं अडवलं नाही. चेहरा कागदासारखा पांढरा, पण ओठ दिसत होते, आणि ओठ दिसत होते म्हणजे मला सगळं दिसत होतं. पट्टा कमरेत रुतत होता. विमान आपटत होतं आणि माझे दोन्ही हात तिच्या पोटावर जागच्या जागी होते. इतकं सोपं होतं ते. मला राग आला तो या सोपेपणाचा. जे एका पट्ट्यानं होत होतं त्यासाठी आजवर आम्ही हाडं मोडून घेत होतो आणि त्याला सेवा म्हणत होतो.

सेक्रेटरींची टोपी पहिल्याच धक्क्यात गेली. दुसऱ्यात डोकं छताला लागलं. त्यांनी दांडी धरली, बाटली धरली, आणि मग त्यांना ओकारी आली तेव्हा दोन्हींपैकी काय सोडायचं हे त्यांना कळेना. त्यांनी दांडी सोडली. बाटली सोडली नाही. हे मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगते. शेरवानी भरली, पण बाटली छातीच्या वर राहिली. मध्येच ते काहीतरी ओरडून विचारत होते. मला ऐकू आलं नाही. बहुधा किती वेळ राहिला, असं असावं. तो प्रश्न आम्हीही रोज विचारायचो, पण आमचं ऐकायला कोणी नसायचं.

बाई वाचली. पंधरवड्यानं सासू येऊन तिला घेऊन गेली, रेल्वेनं.

धावपट्टीवर उतरल्यावर मी सेक्रेटरींना पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "आज आपने बहुत बदतमीज़ी की." आपने म्हणाले. बेटी संपलं होतं.

तक्रार माझ्याआधी रुग्णालयात पोचली. सुपरिंटेंडेंटनं मला बोलावलं. मेट्रन कोपऱ्यात उभी होती. संस्थेच्या मानकऱ्याचा अपमान केला, जनतेसमोर त्यांना जमिनीवर बसवलं, असं माझ्याविरुद्ध होतं. माफी लिहून द्या, मग विषय संपला.

मी विचारलं, "जमिनीवर बसवणं हा अपमान आहे का, सर?"

"उनके जैसे आदमी के लिए, ज़रूर."

"मग आमची माफी कोण लिहिणार? मोठी सिस्टर तर कितीतरी वेळा बसली."

"आप उनकी बराबरी कर रही हैं?"

"विमानात धक्का सगळ्यांना सारखाच बसतो," मी म्हणाले. मेट्रननं खोकल्याचा आवाज काढला. मला आजही वाटतं, ती हसू दाबत होती, पण ती ते कधी मान्य करणार नाही.

माफी दिली नाही तर हवाई ड्यूटीवरून नाव कमी, आणि नोकरी कायम व्हायची होती तिच्यावर शेरा. विचार करायला त्यांनी मला रविवारपर्यंत वेळ दिला.

रविवारी मी घरी गेले. मला वाटलं होतं, बाबा सतरंजी पसरतील, कागद मागवतील. सगळं ऐकून ते म्हणाले, "नोकरी अजून कच्ची आहे पोरी तुझी. दोन ओळींनी काय होतंय? लिहून टाक. कायम झालीस की मग भांड."

आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

मी म्हणाले, "बाबा, ती पत्रकं दुसऱ्यांच्या पोरींसाठी होती का?"

ते उठून आत गेले. बराच वेळ स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत राहिला. मग ते तीन कप चहा घेऊन आले. चहा त्यांनी त्याआधी कधी केल्याचं मला आठवत नाही. अगदी गोड झाला होता. "बाप झाला की माणूस भित्रा होतो," ते म्हणाले. "तू माझं ऐकू नकोस."

मी माफी लिहिली नाही. शेरा पडला. नोकरी एक वर्ष उशिरा कायम झाली. हवाई ड्यूटीवरून माझं नाव गेलं ते आजपर्यंत गेलेलंच आहे. मला त्याचं दुःख नाही, असं मी म्हणणार नाही. वॉर्डात काम करताना कधीकधी ते किल्ले डोळ्यांसमोर येतात आणि मी जे गमावलं त्याची किंमत मला कळते. पण ती किंमत मी माझ्या हातानं दिली, कोणी माझ्याकडून काढून घेतली नाही.

संस्थेनं नियम बदलला नाही. सेक्रेटरींना सगळं भोगूनही नियम बदलावासा वाटला नाही, याचं मला आधी आश्चर्य वाटायचं, आता वाटत नाही. त्यांनी वार्षिक सभेत स्वतः बाटली धरल्याचं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

पुढची तार आली तेव्हा मोठ्या सिस्टरला पाठवलं. तिचं हाड नुकतंच जुळलं होतं. तिच्या मनात काय आहे ते तिनं मला सांगितलं नव्हतं. मी तिची वेणी घातली, तिनं टोपी पिनांनी नीट बसवली आणि ती जीपमध्ये चढली.

काय झालं ते मला वैमानिकानं नंतर सांगितलं. रुग्ण एक म्हातारी होती, बरोबर तिचा मुलगा, चांगला मिशीवाला फौजदार. म्हातारीला आत घेतल्यावर तो खुर्चीकडे वळला तर खुर्चीत मोठी सिस्टर बसलेली. पट्टा लावलेला. बाटली हातात.

"सिस्टर, यह मेरी सीट है," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती म्हातारीची नाडी मोजत होती. त्यानं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. तेव्हा ती म्हणाली, "भैया, आप ट्रेन से आइए," आणि पुन्हा मोजायला लागली. वैमानिकानं दार लावलं.

"कुछ और बोली क्या वो?" मी विचारलं.

"वो कब बोलती है?" तो म्हणाला. "उतरते वक़्त बस इतना पूछा कि छत में हुक लगवाने में कितना टाइम लगेगा."

मी धावत हॉस्टेलवर गेले. ती पलंगावर बसून पायांना तेल लावत होती. मी म्हणाले, "सिस्टर, तीन भाऊ शिकवायचे आहेत ना तुम्हाला?"

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर पडायचं नाही मला."

तिच्यानंतर ज्या ज्या मुली विमानावर गेल्या त्या खुर्चीतच बसल्या. कोणी त्यांना सांगितलं नाही, कोणी कागद काढला नाही. नियमात आजही ती जागा नातेवाइकाची आहे. परवा एक नवी मुलगी, काट्यावर उभी राहून निवडून आलेली, पहिल्या उड्डाणाला निघाली होती. तिनं मला विचारलं, की त्या खुर्चीत बसायला परवानगी कोणाची घ्यायची.

मी म्हणाले, "कोणाची नाही. आधी चढायचं."